प्रोग्रॅमची कीर्द कोणाच्या हातीं?

व्यापाऱ्याच्या रोजकीर्दींत एखादी रक्कम चुकीची पडली, तर शहाणा मुनीम ती खरवडून काढीत नाहीं. ती तशीच राहूं देऊन तो उलट नोंद करतो, आणि ती कां केली हें शेजारीं दोन शब्दांत लिहून ठेवतो. खाडाखोड केलेल्या वहीवर कोणाचा विश्वास बसत नाहीं. आजची शिल्लक किती, एवढें सांगून वहीचें काम संपत नसतें. ती शिल्लक कोणत्या दिवशीं, कोणाच्या हातून आणि कोणत्या कारणानें अशी झाली, हेंहि तिनें सांगावयाचें असतें.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींनाहि अशीच एक कीर्द ठेवावी लागते. इंग्रजींत तिला 'व्हर्शन कंट्रोल' म्हणतात. आपण तिला आवृत्तिनियंत्रण म्हणूं. प्रोग्रॅम म्हणजे शेवटीं एक लिखित मजकूरच. तो हजारों, कधीं लक्षावधि ओळींचा असतो. तो अनेक हातांनीं लिहिला जातो. आणि तो वापरांत आहे तोंपर्यंत पुरा झाला असें कधींच होत नाहीं. काल नीट चालणारा प्रोग्रॅम आज अडखळूं लागला, तर मधल्या चोवीस तासांत कोणीं कोणती ओळ बदलली हें कळल्यावांचून दोष शोधणें म्हणजे काळोखांत चाचपडणें होय. शिवाय दोघांनीं एकाच वेळीं एकाच मजकुराला हात घातला, तर एकाचें काम दुसऱ्याच्या कामाखालीं गाडलें जाण्याचें भय असतें. या दोन्ही संकटांवरचा उपाय म्हणजे ही कीर्द.

चार-पांच जणांचें एखादें लहान मंडळ सॉफ्टवेअरचें काम आरंभतें, तेव्हां कीर्द ठेवण्याच्या अनेक पद्धतींपैकीं कोणती स्वीकारावी, हा प्रश्न त्याच्यापुढें पहिल्या कांहीं दिवसांतच येतो. बहुधा गुणांची यादी करून त्याचा विचार होतो : कोणती वेगवान, कोणती सोपी, कोणती फुकट. या यादीला अर्थ आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला, तर या पद्धतींच्या उदयास्तांत एक निराळाच प्रश्न पुनःपुन्हां डोकें वर काढतांना दिसतो. ती कीर्द कोणाच्या हातीं राहते, आणि वेळ आली तर ती घेऊन निघून जाण्याची मोकळीक आपल्याला किती असते, हा तो प्रश्न. त्याच अनुरोधानें हा इतिहास आज थोडक्यांत पाहावयाचा आहे.

त्याचा प्रारंभ अमेरिकेंतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत झाला. तेथें मार्क रॉशकिंड यांनीं १९७२ सालीं 'सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम' या पद्धतीची रचना आरंभली. एससीसीएस हें तिचें संक्षिप्त नांव. प्रत्येक बदलाबरोबर संपूर्ण मजकूर नव्यानें सांठवणें त्या काळच्या महागड्या यंत्रांना परवडण्यासारखें नव्हतें. म्हणून त्यांनीं फरक तेवढे सांठवले. मूळ ओळी, मागाहून घातलेल्या ओळी आणि वगळलेल्या ओळी खुणा करून एकाच फाइलींत गुंफावयाच्या, आणि मागितलेली आवृत्ति त्यांतून निवडून काढावयाची, अशी ती योजना होती. दहा वर्षांनीं, १९८२ सालीं, पर्ड्यू विद्यापीठांतील वॉल्टर टिची यांनीं 'आरसीएस' ही दुसरी पद्धति पुढें आणली. त्यांनीं ताजी आवृत्ति संपूर्ण ठेवली आणि तिच्यावरून मागें जाण्यासाठीं लागणारे फरक सांठवले. कारण उघड आहे. लोकांना बहुधा आजचीच प्रत हवी असते. गेल्या वर्षीची क्वचित् लागते.

या दोन्ही पद्धतींत एक नियम समान होता. ज्याला फाईल बदलावयाची असेल त्यानें ती कुलूप लावून आपल्याकडे घ्यावी. त्याचें काम संपेपर्यंत इतरांनीं ती वाचावी, पण तिच्यांत लिहूं नये. नियम सुरक्षित खरा. पण कुलूप लावणारा गृहस्थ किल्ली खिशांत घालून रजेवर गेला, म्हणजे उरलेल्यांनीं काय करावें?

या अडचणीचें उत्तर अवघ्या तीन माणसांच्या मंडळानें शोधून काढलें, म्हणून ती हकीकत आपल्या विषयाला विशेष लागू पडते. ॲमस्टरडॅम येथील व्रिये विद्यापीठांत डिक ग्रून हे अध्यापक आपल्या दोन विद्यार्थ्यांसह सी भाषेचा कंपायलर लिहीत होते. त्या भाषेंतील प्रोग्रॅमचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा प्रोग्रॅम तो कंपायलर. जुलै १९८४ पासून ऑगस्ट १९८५ पर्यंत हें काम चाललें. एक विद्यार्थी नऊ ते पांच नेमानें काम करी. दुसऱ्याच्या वेळांना कांहीं धरबंध नव्हता. आणि खुद्द ग्रून यांना या कामासाठीं संध्याकाळखेरीज सवड नसे. अशा तिघांत कुलपाचा नियम चालणें शक्य नव्हतें. मग ग्रून यांनीं आरसीएसच्याच आधारावर कांहीं छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यांची रीत अशी : प्रत्येकानें आपली स्वतंत्र प्रत घ्यावी, सवडीप्रमाणें तिच्यांत बदल करावे, आणि नोंद करण्यापूर्वीं मध्यंतरीं इतरांनीं केलेले बदल आपल्या प्रतींत मिळवून घ्यावे. दोघांनीं निरनिराळ्या जागीं लिहिलें असेल, तर हा मिलाफ यंत्रच करी. एकाच ओळीवर दोघांचे हात पडले असतील, तर दोन्ही पाठ समोर ठेवून यंत्र निवाडा माणसावर सोपवी.

१९८६ सालीं ग्रून यांनीं हे प्रोग्रॅम सर्वांसाठीं खुले केले, आणि १९८९ सालीं ब्रायन बर्लिनर यांनीं त्याच कल्पनेवर सी भाषेंत नवी रचना केली. 'सीव्हीएस' या नांवानें ती पुढें जगभर पसरली. तिघांच्या न जुळणाऱ्या वेळांतून जन्मलेली ही रीत हजारों लोकांच्या उपयोगी पडली, याचें कारण असें कीं, पुढें इंटरनेटवर एकत्र आलेले लोकहि निरनिराळ्या वेळीं जागे असणारे आणि एकमेकांना कधीं न भेटणारेच होते.

सीव्हीएसमध्यें उणिवा होत्या. पांच फाइलींतील परस्परसंबद्ध बदल नोंदवीत असतां मध्येंच संबंध तुटला, तर तीन फाइली नव्या आणि दोन जुन्या अशी विचित्र अवस्था होऊं शके. फाइलीचें नांव बदललें, तर तिचा पूर्वेतिहास नव्या नांवामागून येत नसे. या उणिवा भरून काढण्याच्या हेतूनें २००० सालीं कोलॅबनेट या कंपनीनें 'सबव्हर्शन' ही पद्धति आरंभली, आणि फेब्रुवारी २००४ मध्यें तिची पहिली पूर्ण आवृत्ति बाहेर पडली. नोंद होईल तर संपूर्ण, नाहीं तर मुळींच नाहीं, हा पेढीवरचा नियम तिनें पाळला. तथापि एक गोष्ट दोहोंतहि तशीच राहिली. कीर्द एका मध्यवर्ती यंत्रावर असे. काम करणाऱ्याजवळ आजचें पान तेवढें असे. मागची पानें उलटावयाचीं असोत किंवा नवी नोंद करावयाची असो, त्या यंत्राशीं संबंध जोडावाच लागे. तें यंत्र ज्याच्या ताब्यांत, त्याच्याच ताब्यांत कीर्द.

ताबा या शब्दांत किती अर्थ सांठलेला आहे, तें लिनक्सच्या प्रकरणांत जगाला दिसलें. हेलसिंकी विद्यापीठांत शिकत असलेल्या लिनस टॉरवाल्ड्स या तरुणानें १९९१ सालीं ही संगणक-प्रणाली निर्माण केली. तिच्यांतील सुधारणा लोक ई-पत्रानें पाठवीत, आणि टॉरवाल्ड्स त्या पारखून मूळ मजकुरांत घेत. सीव्हीएस त्यांना नापसंत होती, आणि पहिलीं दहा वर्षें त्यांनीं आपल्या प्रतीसाठीं कोणतीच पद्धति वापरली नाहीं. अखेर कामाचा भार असह्य झाला, तेव्हां फेब्रुवारी २००२ मध्यें त्यांनीं 'बिटकीपर' ही पद्धति स्वीकारली. लॅरी मॅकव्हॉय यांच्या बिटमूव्हर कंपनीची ती निर्मिति. तिच्यांत प्रत्येकाजवळ संपूर्ण कीर्द असे. नोंदी आपल्या घरीं बसून कराव्या आणि मागाहून एकमेकांच्या कीर्दींशीं मेळ घालावा, अशी तिची रचना होती. लिनक्सच्या कामाला तिनें वेग आला यांत संशय नाहीं.

बिटकीपर विकावयाची वस्तु होती. लिनक्ससारखें खुलें काम करणाऱ्यांना कंपनीनें ती विनामूल्य दिली. पण ती वापरणाऱ्यानें तिच्याशीं स्पर्धा करणारी पद्धति निर्माण करूं नये, अशी अट घातली. सर्वांना मोकळ्या असलेल्या प्रोग्रॅमची कीर्द अशा बंदिस्त पेटींत ठेवावी काय, असा आक्षेप रिचर्ड स्टॉलमन यांच्यासारख्यांनीं घेतला. कामाला उत्तम हत्यार हवें, मग तें कोणाचेंहि असो, ही टॉरवाल्ड्स यांची भूमिका होती. दोन्ही बाजूंना तथ्य होतें, आणि तीन वर्षें हा वाद धुमसत राहिला.

ऑस्ट्रेलियांतील ॲन्ड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रॅमकारानें बिटकीपरच्या यंत्रावरील माहिती बाहेर काढूं शकणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यानें ती अट कधीं पत्करलीच नव्हती. कंपनीला हें मानवलें नाहीं, आणि एप्रिल २००५ मध्यें तिनें विनामूल्य आवृत्ति बंद करण्याचें जाहीर केलें. त्याच महिन्यांत कॅनबेरा येथील परिषदेंत ट्रिजेल यांनीं आपली युक्ति श्रोत्यांसमोर करून दाखविली. त्या यंत्राशीं साध्या मार्गानें संबंध जोडून 'हेल्प' हा शब्द लिहिला, कीं आपल्याला कोणकोणत्या आज्ञा कळतात याची यादी यंत्र स्वतःच देत असे. कंपनीची बाजूहि समजून घेतली पाहिजे. अनेक वर्षांच्या परिश्रमांचें फळ तिनें विनामूल्य दिलें होतें, आणि त्याच्याच आधारें प्रतिस्पर्धी उभा राहण्याची भीति तिला वाटली. परंतु लिनक्सच्या कार्यकर्त्यांपुढें एक कठोर सत्य उभें राहिलें. कीर्दीची प्रत प्रत्येकाच्या घरीं होती. मात्र ती पुढें चालविण्याचा परवाना दुसऱ्याच्या मर्जीवर होता.

टॉरवाल्ड्स यांनीं ३ एप्रिल २००५ रोजीं नवी पद्धति लिहावयास घेतली. ७ एप्रिलला ती स्वतःचाच मजकूर स्वतःच्या कीर्दींत नोंदवूं लागली, आणि जून महिन्यांत बाहेर पडलेली लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ति तिच्या साहाय्यानें तयार झाली. या पद्धतीचें नांव 'गिट'. तिच्यांत मध्यवर्ती यंत्र अनिवार्य नाहीं. प्रत्येक प्रत म्हणजे संपूर्ण कीर्द. मूळ रचनेंत प्रत्येक नोंदीवर चाळीस अक्षरांचा एक ठसा असतो, आणि तो त्या नोंदीच्या मजकुरावरून व तिच्या आधींच्या नोंदीच्या ठशावरून गणितानें काढलेला असतो. मागची एखादी नोंद कोणीं गुपचूप बदलली, तर तिच्यापुढचे सारे ठसे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. जुलै २००५ मध्यें टॉरवाल्ड्स यांनीं गिटची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे सोपविली. बिटकीपरच्या त्याच निर्णयामुळें मॅट मॅकॉल यांनींहि एप्रिल २००५ मध्येंच 'मर्क्युरिअल' ही गिटच्या तोडीची दुसरी पद्धति जाहीर केली.

घाईच्या या स्थलांतराची खूण लिनक्सच्या कीर्दींत अद्याप दिसते. तिची पहिली नोंद १६ एप्रिल २००५ ची आहे. मागचा सगळा इतिहास हाताशीं होता, पण त्याचा पसारा सुमारें ३.२ गिगाबाइट झाला असता. कोवळ्या पद्धतीवर एवढें ओझें नको म्हणून तो वगळला, असें टॉरवाल्ड्स यांनीं त्या पहिल्या नोंदींतच लिहून ठेवलें आहे. मागील बाकी पुढें ओढून नवी वही घालावी, तसें हें झालें. पुढें इतरांनीं तो जुना इतिहास रूपांतरित करून स्वतंत्र भांडारांत ठेवला. तरीहि एखाद्या जुन्या ओळीचा उगम मुख्य कीर्दींत शोधीत मागें जाणारा अभ्यासक त्या एका तारखेपाशीं येऊन थबकतो.

याच्या उलट उदाहरण पायथन या भाषेचें आहे. गीडो व्हान रॉसम यांनीं ॲमस्टरडॅम येथें १९८९ च्या अखेरीस तिला आरंभ केला, आणि पुढें स्वयंसेवकांच्या एका मंडळानें ती वाढविली. हें मंडळ सीव्हीएसवरून २००५ सालीं सबव्हर्शनवर आलें. २००८ च्या अखेरीस ब्रेट कॅनन व त्यांचे सहकारी यांनीं पुढच्या निवडीसाठीं गिट, मर्क्युरिअल आणि बझार या तीन पद्धतींची तुलना आरंभली. गुणांची नुसती यादी न करतां त्यांनीं नेहमींचीं कामें घेतलीं, आणि तेंच काम प्रत्येक पद्धतींत कोणत्या आज्ञांनीं होतें हें शेजारीं-शेजारीं मांडलें. मार्च २००९ मध्यें मर्क्युरिअलची निवड झाली. ती बझारपेक्षां वेगवान होती. आणि गिटचा विंडोजवरील वावर त्या वेळीं कच्चा असून मंडळींतील अनेकांचें मन तिच्यावर बसत नव्हतें. प्रत्यक्ष स्थलांतर मार्च २०११ मध्यें पुरें झालें.

सहा वर्षांच्या आंत, फेब्रुवारी २०१७ मध्यें, हेंच मंडळ गिटवर आणि २००८ सालीं सुरू झालेल्या 'गिटहब' या सेवेवर गेलें. मग २००९ ची निवड चुकली होती काय? तसें म्हणतां येणार नाहीं. मर्क्युरिअल मध्यंतरीं बिघडली नव्हती. बदललीं होतीं तीं बाहेरचीं माणसें. सुधारणा पाठवूं इच्छिणारा नवागत आतां गिट शिकूनच येत होता, आणि त्याला उंबऱ्यावरच निराळी रीत शिकवीत बसणें मंडळाला जड जात होतें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. पायथनच्या आजच्या गिट-कीर्दींत १९९० सालच्या नोंदी जशाच्या तशा सांपडतात. इतक्या वेळां घर बदलूनहि कीर्द अखंड राहिली, कारण प्रत्येक वेळीं ती मंडळाच्या स्वतःच्या हातीं होती आणि सामान हलविण्यास त्यानें पुरेसा वेळ घेतला.

येथें पद्धति आणि तिला जागा देणारी सेवा यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. गिट ही पद्धति. गिटहब हें तिचीं भांडारें ठेवणारें एक घर. घरें बदलतात. गूगलनें 'गूगल कोड' ही आपली सेवा जानेवारी २०१६ मध्यें बंद केली. मर्क्युरिअलच्या भांडारांनाच जागा देऊन ज्या 'बिटबकेट'नें आरंभ केला होता, तिनें २०२० सालीं मर्क्युरिअलचा आश्रय काढून घेतला. खुद्द गिटहब २०१८ सालीं साडेसात अब्ज डॉलरांना मायक्रोसॉफ्ट कंपनीनें घेण्याचा करार केला. अशा प्रसंगीं कीर्द वांचते, कारण तिच्या प्रती प्रत्येकाजवळ असतात. पण त्या बदलांविषयीं झालेली चर्चा, दोषांच्या तक्रारी, घेतलेले आक्षेप आणि दिलेलीं उत्तरें कीर्दींत नसतात. तीं त्या घराच्या भिंतींवर लिहिलेलीं असतात. पायथनच्या मंडळाला आपल्या तक्रारींची वही २०२२ सालीं निराळा खटाटोप करून गिटहबवर न्यावी लागली, ती यामुळेंच.

आतां लहान मंडळाकडे वळूं. पहिला प्रश्न त्यानें आपल्या कामाच्या स्वरूपाविषयीं विचारावा. आपला माल म्हणजे शब्दांचा मजकूर असेल, तर दोन प्रतींचा मिलाफ यंत्र करूं शकतें. पण चित्रें, ध्वनिमुद्रणें किंवा यंत्रांचे आराखडे असतील, तर दोघांनीं बदललेल्या एकाच चित्राचा मिलाफ कोणतेंहि यंत्र सुखासुखीं करीत नाहीं. तेथें जुनें कुलूपच बरें. सबव्हर्शनमध्यें आजहि कुलपाची सोय आहे. ज्यांचें काम मुख्यतः चित्रांचें आहे, त्यांनीं तिला जुनाट म्हणून हिणवूं नये. दुसरा प्रश्न माणसांविषयीं. पुढें मंडळांत येणाऱ्या नव्या गड्याला कोणती रीत आधींपासून ठाऊक असेल? या प्रश्नाचें उत्तर आज बहुतेक ठिकाणीं गिट असेंच येतें. तिच्या आज्ञा नवशिक्याला गोंधळांत टाकतात, हें खरें; पण त्या शिकविणारे सोबती सर्वत्र भेटतात. तिसरा प्रश्न ताब्याचा. उद्यां ही सेवा बंद पडली, महाग झाली किंवा तिनें अटी बदलल्या, तर एका दिवसांत आपल्याला काय काय घेऊन बाहेर पडतां येईल? या प्रश्नाचें उत्तर कागदावर न देतां एकदां प्रत्यक्ष करून पाहावें. कीर्दीची संपूर्ण प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवावी, तिच्यावरून काम चालतें कीं नाहीं हें तपासावें, आणि तसें करण्याचा वार ठरवून टाकावा.

याला एका साध्या शिस्तीची जोड हवी. आपण काय बदललें हें यंत्र बिनचूक सांगतें. कोणीं आणि केव्हां, हेंहि सांगतें. कां बदललें, हें मात्र यंत्राला कळत नाहीं. तें बहुधा बैठकींत बोललें जातें, पत्रांत लिहिलें जातें, किंवा परक्या घराच्या भिंतीवर राहतें, आणि पांच वर्षांनीं त्यांतलें कांहींच हातीं लागत नाहीं. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारीं तिचें कारण दोन वाक्यांत लिहावें. लिनक्सच्या त्या पहिल्या नोंदींत मागचा इतिहास नाहीं. पण तो कां नाहीं, हें लिहिलेलें आहे, आणि तेवढ्यामुळेंच आज वीस वर्षांनंतरहि ती नोंद वाचणाऱ्याच्या मनांत संशय उरत नाहीं. ज्या मंडळाला ही संवय पहिल्या आठवड्यापासून लागली, त्यानें पुढें कितीहि घरें बदललीं, तरी त्याची कीर्द त्याच्याबरोबर जाईल.